वैनगंगेची शेवटची पंगत

बालाघाटच्या माणसाला वैनगंगा दाखवावी लागत नाही. ती त्याच्या बोलण्यातच असते. श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे दोन माणसे भेटली की प्रकृतीची चौकशी मागाहून होते. पूर चढला की उतरला, हे आधी विचारले जाते. आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या या नदीकाठी गेल्या. आजोबा मध्यप्रांताच्या सरकारी नोकरीत नागपूरहून येथे आले. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर एका राज्यात गेले आणि बालाघाट दुसऱ्या राज्यात राहिले. कचेरीत हिंदी, शाळेत हिंदी आणि उंबरठ्याच्या आत मराठी, अशी आमची हयात गेली. वैनगंगेला मात्र ही वाटणी कोणी कळविली नाही. ती पूर्वीप्रमाणेच बालाघाटहून भंडाऱ्याकडे वाहत राहिली.

अशा या नदीचा शेवट पाहण्याचा योग गेल्या माघात आला. त्या प्रवासाचे निमित्त सांगताना आम्हांला एक चूक कबूल करावी लागेल. संकोच वाटतो, कारण ती चूक वर्गात, फळ्यासमोर, हाती खडू असताना झाली.

आदल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील विज्ञानाचे शिक्षक बदलून गेले आणि त्यांची जागा रिकामी राहिली. मुख्याध्यापकाने रिकामा वर्ग पाहून स्वस्थ बसू नये, म्हणून आम्ही, म्हणजे मराठी साहित्याचे एम. ए., आठवीच्या वर्गावर अन्नसाखळीचा पाठ घेण्यास उभे राहिलो. पाठ संपता संपता बैहरच्या बाजूने आलेली, वसतिगृहात राहणारी एक मुलगी उठली आणि तिने विचारले, "सर, नदीत सागाचे पान पडते ते शेवटी कोण खातो?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगितले, "पान वाहत वाहत समुद्राला मिळते. तेथे ते कुजते आणि तळाच्या चिखलात राहणारे खेकडे, शिंपल्या, गोगलगाई त्यावर जगतात. त्यांना मासे खातात, माशांना माणूस खातो." उत्तर आम्हांलाच फार आवडले. सातपुड्याच्या पानाने बंगालच्या उपसागराची पंगत उठावी, यात काव्य होते. मुलीने ते वाक्य वहीत शाईने उतरवून घेतले.

त्याच कार्तिकात आमची मातोश्री गेली. तिच्या अस्थी तिच्या इच्छेप्रमाणे वैनगंगेतच दिल्या. घाटावरून परतताना मनात वारंवार येत होते, की हे पाणी जाते कोठे, हे आपण नकाशाखेरीज कोठेच पाहिले नाही. काकिनाड्याला खताच्या कारखान्यात नोकरी करणारा आमचा भाचा बरीच वर्षे बोलावीत होता. "मामा, मामींना घेऊन एकदा या, तुमची वैनगंगा इथे समुद्राला मिळते," असे त्याने या वेळी लिहिले, आणि आम्ही निघालो.

ज्यांना नदीची सोबत हवी असेल त्यांनी हा प्रवास आमच्या वाटेने करावा. बालाघाटहून गोंदियाकडे येताना बाघ नदी ओलांडली. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी वडसा आणि ब्रह्मपुरी यांच्या मध्ये वैनगंगेवरून जाते. तेथे ती आमच्याकडच्यापेक्षा कितीतरी ऐसपैस झालेली दिसली. माहेरची मुलगी सासरी भारदस्त झालेली पाहावी तसे वाटले. पुढे गडचिरोली जिल्ह्यात वर्धा तिला मिळते आणि दोघींचे नाव प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ, कालेश्वराच्या पायाशी, गोदावरीत विलीन होते. आमची गाडी बल्लारशाहनंतर रामगुंडमपाशी गोदावरीच्या पुलावर आली तेव्हा सौभाग्यवतींनी हात जोडले. आम्ही म्हणालो, "अगं, ही गोदावरी खरी, पण वैनगंगा तिला अजून भेटायची आहे." त्या म्हणाल्या, "अहो, नमस्काराला काय हरकत?" हरकत कसलीच नव्हती.

विजयवाड्याला गाडी बदलून राजमहेंद्रीला पोहोचलो तेव्हा पहाट होत होती. तेथे गोदावरीचे पात्र पाहिले आणि बोलणे थांबले. गोदावरीच्या साऱ्या खोऱ्यापैकी सुमारे एकतृतीयांश क्षेत्राचे पाणी एकट्या प्राणहितेमार्गे येते. तेव्हा या विस्तीर्ण पाण्यात आमचाही वाटा आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम् येथे आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८५२ साली बांध पुरा केला आणि दुष्काळाने गांजलेला हा प्रदेश भाताचे कोठार झाला. त्या बांधाच्या खाली नदी फाटते. पूर्वेकडच्या शाखेचे नाव गौतमी. त्र्यंबकेश्वरी गौतम ऋषींनी आणली अशी आपली श्रद्धा, ती नदी समुद्रात शिरताना त्यांचेच नाव घेऊन शिरते, हे पाहून मराठी मनाला बरे वाटल्याखेरीज राहत नाही.

काकिनाडा हे रुंद रस्त्यांचे, शांत बंदराचे गाव. तेथला काजा नावाचा पाकातला पदार्थ भाच्याने आम्हांला पोहोचताक्षणी खाऊ घातला. त्याच्या शेजारी तेथल्याच महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविणारे एक गृहस्थ राहतात. आम्ही शिक्षक आहोत हे कळताच ते आम्हांला "मास्टारु" म्हणू लागले. तेलुगूत गुरुजींना असेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. ते म्हणाले, "मास्टारु, भरती असताना जाल तर केवळ झाडे पाहाल. ओहोटीला चला, म्हणजे घर पाहाल."

कोरिंगा हे गाव काकिनाड्याहून यानमच्या रस्त्यावर सुमारे वीस किलोमीटरवर आहे. एके काळी हे मोठे बंदर होते. येथे गलबते बांधली जात, आणि येथून इतकी माणसे ब्रह्मदेशात जात की रंगूनमध्ये हिंदी मजुराला 'कोरंगी' हेच नाव पडले होते. १७८९ आणि १८३९ साली आलेल्या दोन भयंकर वादळांनी त्या बंदराची धुळधाण केली. आज तेथे आहे ते कांदळवन. तेलुगूत त्याला 'मड अडवुलु' म्हणतात. १९७८ साली त्याचे अभयारण्य झाले. सुमारे २३५ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात गौतमीच्या लहान लहान शाखा, कोरिंगा आणि गाडेरु, खारे-गोडे पाणी घेऊन फिरतात. समोर होप बेटाची वाळूची लांब जीभ समुद्राला अडवून उभी आहे आणि तिच्या आड काकिनाड्याचा उथळ उपसागर निवांत पडलेला असतो.

वनखात्याने तेथे लाकडी पायवाट बांधली आहे. दोन्ही बाजूंस तिवराची झाडे, आणि झाडांखाली जमिनीतून वर आलेली बोटाएवढी हजारो श्वासमुळे. आम्ही चिखलाकडे पाहिले आणि प्रथम काहीच दिसले नाही. करड्या रंगाचा, चकचकीत, वासाचा चिखल. पाच मिनिटे स्वस्थ उभे राहिल्यावर तो चिखल हलू लागला. बिळाबिळांतून खेकडे बाहेर आले. नराची एक नांगी अंगाएवढी मोठी आणि रंगीत, दुसरी इवलीशी. मोठी नांगी तो वर-खाली नाचवीत होता आणि लहान नांगीने चिखलाचे घास भराभर तोंडात घालीत होता. ज्या नांगीचा एवढा तोरा, ती जेवणाच्या कामाची नाही, हे पाहून आमच्या सौभाग्यवती सूचकपणे हसल्या. डोळे डोक्यावर आलेल्या निवट्या पंखांवर रांगत होत्या. कोकणात वाढलेल्या वाचकांना त्या नव्या नाहीत. आम्हां डोंगराकडच्या माणसांना पाण्याबाहेर बसलेला मासा हाच चमत्कार. शंकूच्या आकाराच्या काळपट गोगलगाई चिखलावर रेघा ओढीत चालल्या होत्या.

इतक्यात एक तांबूस खेकडा बिळातून निघाला, गळून पडलेले तिवराचे पिवळे पान त्याने नांगीत धरले आणि ओढत ओढत बिळात नेले. आम्हांला हर्ष झाला. आम्ही आमच्या वर्गातील उत्तर प्राध्यापकांना सांगितले आणि म्हणालो, "पाहिलेत? पान खाणारा सापडला."

प्राध्यापक हसले. "मास्टारु, तुम्ही एकटे नाही," ते म्हणाले. "सारे जग असेच म्हणत होते." मग त्यांनी जे सांगितले ते आमच्या शब्दांत येथे देतो.

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये ओडम आणि हील्ड या दोघा शास्त्रज्ञांनी कांदळवनाचा अभ्यास करून असे मांडले, की येथे अन्नाचा पाया म्हणजे गळलेली पाने. पान कुजते, त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढते, त्या कुजलेल्या कणांवर तळाचे लहान जीव जगतात आणि त्यांच्यावर मासे. विचार सुबोध होता, डोळ्यांना पटणारा होता. जेथे पाहावे तेथे पाने पडलेली, आणि जेथे पाने तेथे जीवांची गर्दी. तेव्हा तो पाठ्यपुस्तकांत गेला, आणि पाठ्यपुस्तकांतून आमच्यासारख्यांच्या तोंडी आला.

परंतु एखाद्याच्या अंगणात धान्याचे पोते दिसले म्हणून तो तेच खातो असे ठरत नाही. त्याने काय खाल्ले हे त्याच्या देहालाच विचारावे लागते. त्याची युक्ती पुढे निघाली. निसर्गात कार्बन दोन टिकाऊ वजनांचा असतो, बाराचा आणि तेराचा. तेराचा फार थोडा, शंभरात एकाच्या जवळपास. निरनिराळ्या वनस्पती तो निरनिराळ्या प्रमाणात घेतात. आमच्या बालाघाटचे चिन्नोर तांदळाचे रोप तेराचा कार्बन कमी घेते; वऱ्हाडातील ज्वारीचे ताट त्यामानाने जास्त घेते. जो जे खातो त्याच्या अंगात तेच प्रमाण उतरते. म्हणजे जन्मभर भात खाणारा आणि जन्मभर भाकरी खाणारा यांचा एकेक केस प्रयोगशाळेत दिला तर कोण कोणता, हे सांगता येते. नायट्रोजनचेही तसेच. त्याचे जड वजनाचे प्रमाण खाणाऱ्याच्या अंगी दर पायरीला हजारी तीन-चारने वाढते, म्हणून वनस्पती खाणारा कोण आणि त्याला खाणारा कोण, हेही उमगते.

ही कसोटी लावण्यासाठी ज्या जागा निवडल्या गेल्या त्यांत ही कोरिंगाची जागा होती. आंध्र विद्यापीठातील ए. व्ही. रमण आणि ब्रुसेल्सच्या विद्यापीठातील स्टीव्हन बुइयाँ व त्यांचे सहकारी यांनी येथील खाड्यांतून आणि काकिनाड्याच्या उपसागरातून चिखल, पाणी, पाने आणि तळाचे जीव गोळा केले. त्यांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. चिखलात कांदळाचा आणि नदीने आणलेल्या जमिनीवरच्या पाल्याचा अंश भरपूर होता. पण तो खाऊन वाढल्याची खूण बहुसंख्य जीवांच्या देहात नव्हती. त्यांच्या देहातील खूण जुळत होती ती पाण्यात तरंगणाऱ्या आणि चिखलावर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवलांशी. खाडीच्या आतून उपसागराकडे जावे तसतशी पाण्यातील शैवलांची खूण बदलत होती आणि तिच्यामागोमाग त्या त्या जागच्या जीवांची खूणही बदलत होती. ताट समोर भरलेले असून पाहुण्यांनी त्याला हात लावला नव्हता. पानावर मुख्यत्वे जगणारे जीव थोडे, आम्हांला दिसलेल्या पान ओढणाऱ्या खेकड्यासारखे. कांदळाच्या पानात हिरड्यात असतो तसला तुरट अंश फार आणि नायट्रोजन अगदी थोडा. म्हणून ते निर्वाहाचे अन्न म्हणून बहुतेकांना परवडत नाही.

"मग ते खातात ते अन्न कोठे आहे?" आम्ही विचारले. प्राध्यापकांनी पायवाटेखाली बोट दाखविले. उन्हे वर आली होती. थोड्या वेळापूर्वी करडा दिसलेला चिखल आता जागोजागी सोनेरी-तपकिरी झाला होता, दुधावर साय धरावी तसा. ती साय म्हणजे डायटम नावाच्या एकपेशीय शैवलांची दाटी. आपल्याकडे जुन्या शास्त्रीय लेखनात त्यांना 'करंडक वनस्पती' म्हटले आहे, आणि ते नाव यथार्थ आहे. प्रत्येक पेशी काचेसारख्या पारदर्शक करंड्यात राहते. करंड्याला पेटी आणि झाकण असे दोन भाग असतात. ओहोटी लागली आणि ऊन आले की चिखलातील या पेशी सरकत पृष्ठभागावर येतात, अन्न तयार करतात आणि भरती येण्यापूर्वी पुन्हा खाली जातात. खेकडा लहान नांगीने जे घास घेत होता त्यातून तो हीच साय वेगळी काढीत होता आणि उरलेल्या चिखलाच्या गोळ्या करून बाजूला टाकीत होता. गोगलगाईच्या रेघा म्हणजे साय चाटल्याच्या खुणा. भरतीचे पाणी आले की हीच साय काही अंशी ढवळून निघते आणि पाण्यातील शैवलांबरोबर शिंपल्यांच्या तोंडी जाते.

आम्ही त्या झाडांकडे नव्याने पाहिले. आमच्या मनात लग्नाच्या मांडवाचे चित्र उभे राहिले. तिवर हा मांडव. त्याच्या मुळांनी गाळ धरून ठेवला, लाटा अडविल्या, सावली दिली, पिलांना लपण्यास जागा दिली. १९९६ च्या नोव्हेंबरात काकिनाड्याच्या बाजूला मोठे चक्रीवादळ आले होते. अशा वेळी हा मांडव किनाऱ्याला आडोसा होतो. मांडव नसेल तर पंगत बसणारच नाही. भरती-ओहोटी ही वाढपी. पण स्वयंपाक ज्याने केला तो कोठेतरी मागे, कोणाच्या नजरेस न पडणारा. आम्ही मांडवाचे खांब पाहून त्यांनाच अन्नदाते म्हणत होतो.

त्या वेळी खरे सांगायचे तर थोडे वाईट वाटले. सागाचे पान येथे पंगत उठवीत नाही, मग बालाघाटचा या पंगतीशी संबंध तो काय राहिला? ही खंत आम्ही बोलून दाखविली. तेव्हा प्राध्यापकांनी उलट विचारले, "मास्टारु, तो करंडा कशाचा असतो?"

तो सिलिकेचा असतो. वाळूत आणि काचेत असते तेच द्रव्य. समुद्राच्या पाण्यात ते येते मुख्यत्वे नद्यांतून. पावसाचे पाणी डोंगराच्या दगडावर पडते, मुरते, दगड हळूहळू झिजतो आणि त्याचा अंश पाण्यात विरघळून, डोळ्यांना न दिसता, नदीबरोबर निघतो. सातपुड्याचा आणि मैकलचा दगड झिजून वैनगंगेच्या पाण्यात उतरतो आणि नदीबरोबर येथवर येऊन या करंड्यांना साहित्य पुरवितो. आम्ही पानाचा हिशोब मांडला होता. नदी दगड घेऊन आली होती. गाळही तिनेच आणलेला. ज्या चिखलावर ही साय धरते तो चिखल म्हणजे आपल्याच मुलखातील माती.

म्हणूनच पुढे ऐकले ते जिवाला लागले. आमच्या उगमाकडे शिवनी जिल्ह्यात भीमगडचे धरण आहे. खाली भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचे; त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. गोदावरीवर आणि तिच्या इतर उपनद्यांवर धरणे आणि बंधारे कितीतरी, आणि पोलावरमचे मोठे धरण उभे राहत आहे. धरणाने शेत भिजते, दिवा लागतो. भाताच्या मुलखातला कोणीही त्याला नावे ठेवणार नाही, आम्हीही ठेवीत नाही. पण धरणात पाणी थांबले की गाळ खाली बसतो. विरघळलेल्या सिलिकेचाही काही भाग धरणातील शैवले वापरून टाकतात आणि मरून तळाशी जातात. गोदावरीने समुद्राकडे न्यावयाचा गाळ १९७० च्या दशकाच्या मानाने १९९० च्या दशकात निम्म्याहूनही कमी झाला, असे आंध्र विद्यापीठातील अभ्यासकांनी दाखविले आहे. गाळ कमी आला की त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागतो. भरीस भर म्हणून या प्रदेशात गेल्या काही दशकांत कोळंबीची तळी जागोजागी झाली आणि काही ठिकाणी कांदळ तोडूनही झाली. मांडव आखूड होत आहे आणि शिधाही आटत आहे.

दुपारी नावेतून उपसागराकडे गेलो. कमरेएवढ्या पाण्यात काही माणसे वाकून चिखलात हात घालीत होती आणि शिंपल्या टोपलीत टाकीत होती. खरबरीत, पन्हळ्यांसारख्या कडांची ती शिंपली. उघडली की आतून रक्तासारखा लाल द्रव येतो. मांस खाल्ले जाते, कवच चुन्यासाठी भाजले जाते. एका वृद्ध बाईने आमच्या सौभाग्यवतींच्या हातावर दोन शिंपल्या ठेवल्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. तिने बोटाने लांब पश्चिमेकडे, नदी येते त्या दिशेला दाखविले आणि पाण्याकडे हात करून काही म्हटले. नावाड्याने मोडक्या हिंदीत अर्थ सांगितला, "म्हणते, वरून पाणी चांगले आले त्या वर्षी शिंपली भरते." ही बाई कोणत्याही विद्यापीठात गेली नव्हती.

परतताना नाव गाडेरुच्या मुखाशी आली. पाणी स्थिर होते. सौभाग्यवतींनी हात पाण्यात बुडविला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग हलकेच म्हणाल्या, "आईंचे काही इथवर आले असेल का हो?" आम्ही काही बोललो नाही. त्यांनी ओला हात डोळ्यांना लावला आणि पदराने पुसला.

ज्या वाचकांना हे स्थळ पाहण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. काकिनाड्याला जाण्यासाठी सामलकोट हे मुख्य मार्गावरील स्थानक सोयीचे. तेथून काकिनाडा जवळ आहे. मार्गशीर्ष ते माघ हे महिने बरे. नंतर उकाडा असह्य होतो. निघण्यापूर्वी ओहोटीची वेळ अवश्य विचारून घ्यावी. पायवाटेवर उभे राहिल्यावर बोलू नये आणि हलू नये. पाच मिनिटे धीर धरावा. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांना चिखल पाहून परत यावे लागते.

बालाघाटला आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही आठवीच्या वर्गावर गेलो. त्या मुलीला वही काढण्यास सांगितले आणि सर्व वर्गासमक्ष म्हणालो, "त्या दिवशी आम्ही चुकीचे सांगितले. ते वाक्य खोड." वर्ग गप्प झाला. मुख्याध्यापक असे म्हणतात याची मुलांना सवय नव्हती. खरे तर आम्हांलाही नव्हती. तिने पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. मग कोरिंगाचा चिखल, सोनेरी साय, करंडा आणि दगड हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि पुन्हा पहिल्यासारखीच उठून विचारले, "सर, पण मग पान कुठे जाते?"

या वेळी आम्ही तोंडाने उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी दहा-बारा मुलांना घेऊन गावाबाहेरच्या डोंगराकडे गेलो. फाल्गुन लागला होता, ओढ्याची धार बारीक झाली होती, काठची झाडे वरून एकमेकांना भिडली होती. अशा दाट सावलीत ऊन पाण्यापर्यंत पोहोचत नाही, शैवल फारसे वाढत नाही. तेथे पाला हाच शिधा. आम्ही मुलीला डोहातले एक भिजलेले सागाचे पान उचलावयास सांगितले. पानाचा गर नाहीसा झाला होता. उरली होती ती फक्त शिरांची जाळी. तिच्या खालच्या अंगाला वाळूचे कण जुळवून केलेल्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या नळ्या चिकटल्या होत्या आणि एकीतून एका अळीने डोके बाहेर काढले होते. तिने सहज आत बोट नेले तशी अळी नळीत शिरली.

आम्ही सांगितलेले उत्तर उगमापाशी खरे होते आणि मुखापाशी खोटे. मधले अंतर आम्ही चाललो नव्हतो, एवढाच दोष. पानाची पंगत घराशेजारी, डोंगराच्या पायथ्याशीच उठते. पुढच्या प्रवासाला नदी दगड घेऊन निघते.

मुलीने अळ्या पुन्हा डोहात सोडल्या. पानाची जाळी मात्र तिने जपून वहीत ठेवली, खोडलेल्या ओळीच्या पानावर.